भट्टी गार होईपर्यंत

ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तुम्ही नदीकाठची जत्रा पाहिली, त्याचं नाव छापून, त्यापुढे ‘गद्दार’ असं लिहून, तुम्ही कधी भिंतीवर चिकटवलं आहे का? मी चिकटवलं आहे. आमच्या गल्लीच्या नळाजवळ, सकाळी पाणी यायच्या वेळेआधी, म्हणजे ते वाचल्याशिवाय एकही हंडा घरी जाऊ नये. खळसुद्धा घरचीच होती, मैद्याची, आईच्या गॅसवर शिजवलेली. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, आणि माझी भाषा चांगली आहे असं गल्लीत सगळेच म्हणत. चांगली म्हणजे कडक, असा अर्थ मी घेतला होता.

आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कंपनीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर कामाला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलेले शब्द म्हणजे ‘कामगार बंधू-भगिनींनो’. शाळेत बाईंनी पत्रलेखन शिकवलं तेव्हा मी आजोबांना लिहिलेल्या पत्राची सुरुवातही तशीच केली होती. फळ्यांवर डब्यांखाली पत्रकं, आईच्या ट्रंकेच्या तळाला पत्रकं, आणि माझी गणितं तर सगळी पाठकोऱ्या पत्रकांवरच सोडवलेली. पुढच्या बाजूला व्यवस्थापनाचा निषेध, मागच्या बाजूला मसावि आणि लसावि. माझं नाव अण्णांनी क्रांती ठेवलं. गल्लीने त्याचं किरंती केलं. “किरंती, दळण आणून दे गं,” असं कुणी म्हटलं की अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होई.

गल्लीत दोन ओळींत समोरासमोर घरं, मध्ये एक दुचाकी जेमतेम जाईल एवढी वाट. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की एकामागून एक मोटारसायकली सुरू होत आणि अर्ध्या गल्लीचा चहा धुरात प्यायला जाई. आमच्या बरोबर समोर निकमकाकांचं घर. ते मूळचे येवल्याकडचे. अण्णा आणि ते एकोणीस वर्षं एकाच भट्टीवर होते, पण दोघांचं काम उलटं. अण्णांकडे हार्डनिंग, म्हणजे गिअर लालभडक तापले की दार उघडायचं, आकड्याने ट्रे ओढायचा आणि थेट तेलात बुडवायचा. चर्र आवाज, धूर, आणि लोखंड कडक. निकमकाकांकडे अनिलिंग. त्यात माल तापवून भट्टी बंद करतात आणि दार न उघडता त्याला आतल्या आत, आपल्या गतीने गार होऊ देतात. त्याने लोखंड मऊ येतं, त्याच्या आतला ताण जातो. “तुझा बाप ज्वालामुखी आणि मी गोधडी,” असं निकमकाका मला सांगत. त्यांची मुलगी वैशाली माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती आर्ट कॉलेजात शिकत होती, आणि तिच्या ओढणीला कायम रंगाचे नाहीतर मातीचे डाग असत. माझी अशी एकच मैत्रीण.

गल्ली फार गुण्यागोविंदाने राहत होती असं मी लिहिणार नाही. कुठल्या घरात कुणासाठी वेगळा कप ठेवलेला असतो, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आमच्या घरातही एक होता, दांडा तुटलेला, मोरीच्या वरच्या कोनाड्यात. आई तो कुणाकुणाला द्यायची हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. साऱ्या जगाच्या अन्यायावर पत्रकं लिहिणाऱ्या आमच्या घराने त्या कपावर कधी एक ओळ लिहिली नाही. हे आज लिहिताना माझे कान गरम होतात. होऊ देत.

मग एका सोमवारी पहिल्या पाळीचे लोक गेटवर गेले तर गेटला टाळं. पुढे काही वर्षांनी टाळेबंदी हा शब्द सगळा देश शिकला. आमची गल्ली तो आधीच शिकून बसली होती. कंपनीसमोर मांडव पडला, रोज आळीपाळीने माणसं तिथे बसू लागली, घोषणांनी घसे बसले. सकाळचा भोंगा बंद झाला आणि मला कळलं की आपण इतकी वर्षं त्या भोंग्याला शिव्या देत त्याच्याच आधाराने उठत होतो. घरात दोन्ही वेळा पिठलं. पिठल्याचा गुण असा की माणसं वाढली की पाणी वाढवता येतं, आणि बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा बरोबर असला की तक्रार करायला तोंड मोकळं राहत नाही. पहिले दोन महिने गल्ली एकजीव होती. तिसऱ्या महिन्यात कंपनीने सांगितलं, जे राजीनाम्यावर सही करतील त्यांनी आपला हिशेब घेऊन जावं. मांडवात शपथ झाली, कुणीही सही करायची नाही. शपथेचा मसुदा अण्णांचा, अक्षर माझं. आठवड्याने बातमी आली की चौघांनी सही केली. त्यात पहिलं नाव निकमकाकांचं.

अण्णा त्या दिवशी काही बोलले नाहीत. जेवले नाहीत. मी मात्र बोलायचं ठरवलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा, ‘आपल्यातले गद्दार ओळखा’. खाली चार नावं, त्यातलं पहिलं जाड अक्षरात. पिवळ्या कागदावर प्रती काढून आणल्या. एक अण्णांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “कडक झालंय.” बस. एवढं ऐकायला मी अठरा वर्षं थांबले होते असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नळावर वैशाली आली. मी रांगेत तिच्यामागे तीन बायका सोडून उभी होते. तिने हंडा नळाखाली लावला, मान वर केली, वाचलं. हंडा भरून वाहायला लागला तरी ती वाचत होती. मग तिने भिंतीवरचं पत्रक अलगद, एकही कोपरा न फाडता सोडवलं, चार घड्या घातल्या, कमरेला खोचलं, आणि हंडा उचलून माझ्याजवळून निघून गेली. मी दुसरं पत्रक चिकटवलं. माझ्याकडे बऱ्याच प्रती होत्या.

त्यानंतर सही केलेल्या चार घरांचा चहा बंद झाला. म्हणजे त्यांना कुणी चहा विचारायचा नाही आणि त्यांच्याकडचा घ्यायचा नाही. विरजण नाही, कढीपत्ता नाही, डासांची फवारणी करणारा आला तरी त्यांच्या दारावर थाप नाही. समोरासमोरची दारं इतकी वर्षं सताड उघडी असत, ती लोटली जाऊ लागली. पण गंमत अशी की बहिष्कार चार घरांवर घातला आणि गप्प सगळीच गल्ली झाली. आज याच्यावर संशय, उद्या त्याच्यावर. “तुमच्या ह्यांचं नक्की ना?” असं बायका एकमेकींना विचारू लागल्या. महिन्याभरात कळलं की निकमकाका महिनाअखेरीस खोली सोडून येवल्याला भावाकडे चाललेत. आईने ते ऐकून पोळपाट जरा जोरात आपटला. मी म्हणाले, “जाऊ देत, बरंच झालं.” आई म्हणाली, “तुझी पाचवी त्यांच्याच घरात पुजली होती, आपल्याकडे गुडघाभर पाणी शिरलं होतं तेव्हा. माहीत आहे का?” मला माहीत नव्हतं. पत्रकांत ते कधी आलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला जनामावशी राहायच्या. घोटीकडच्या कुंभाराघरच्या, मुलाला कंपनीत नोकरी लागली तेव्हा त्याच्यामागे इथे आलेल्या. त्यांचा मुलगाही आमच्याबरोबर मांडवात बसत होता. मावशींनी आयुष्यात चाक फिरवलं नव्हतं. “आमच्यात बाईनं चाकाला हात नाय लावायचा,” असं त्या सांगत, “पर चाकाबिगर जे हुतं, ते समदं बाईचंच. चुली, पणत्या, पोळ्याचे बैल. निस्ता हात.” मांडवाच्या मागे चहाच्या प्लास्टिकच्या कपांचा ढीग आणि दारात रिकाम्या हातांनी बसलेले पुरुष, दोन्ही त्या रोज बघत होत्या. एक दिवस घोटीहून येणाऱ्या पिकअपमध्ये त्यांच्या भावाने भाताच्या खाचरातली माती पोत्यांत भरून पाठवली. मावशींनी ती आपल्या दारासमोर भिजवली, गाळली, आणि थेट अण्णांना हाक मारली.

“भास्करराव, चपला काढा.”

“का हो मावशी?”

“माती मळायची हाय. पायानं. भाषण करताना लय पाय आपटता ना, तेच हितं आपटा.”

गल्ली कित्येक दिवसांनी हसली. अण्णांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले. त्यांच्या मागून आणखी दोघं उतरले. मग बायका आल्या, मग पोरं. मावशींनी प्रत्येकाच्या तळहातावर लिंबाएवढा गोळा ठेवला. “अंगठा मधी घाला अन् फिरवत ऱ्हा. घाई करायची नाय. भित पातळ झाली का माती सोताच सांगती.” कुणाचा कप दौतीसारखा झाला, कुणाचा परातीसारखा. एका पोराने दांडा म्हणून हत्तीची सोंड लावली. मावशींचा नियम एकच होता. सगळे कप एका टोपलीत जाणार, आणि चहाच्या वेळी ज्याच्या हाताला जो येईल तो त्याचा. “ह्याचा कप, त्याचा कप, आसं नाय चालायचं. ज्याला येगळा पायजे त्यानं घरी बसावं.” हे बोलताना त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. आई मात्र खाली बघत होती. दोन-तीन दिवसांत सही केलेल्या घरांतली लहान पोरंही चिखलात दिसू लागली. मी त्यांना हटकायला पुढे झाले तर मावशी म्हणाल्या, “तुझं पत्रक त्या पाच वर्साच्या पोराला वाचता येतं का?” मी मागे सरले, पण रागातच.

भाजायचं कुठे हा प्रश्न आला तेव्हा अण्णांनी सुचवलं, इस्माईलभाईंकडे. इस्माईलभाईंचं छोटं वर्कशॉप कंपनीचंच काम करायचं, त्यामुळे तेही बंद पडलं होतं. त्यांच्याकडे एक विजेची भट्टी होती, आमच्या कपाटाएवढी. “भट्टी रिकामी बसली तर तिला गंज चढतो आणि मला पण,” ते म्हणाले. “आणा, पण हात लावणार भास्करभाई. दुसरा कुणी नाही.” कप आठवडाभर सावलीत वाळवले होते. सकाळी भट्टी भरली. अण्णांनी हळूहळू तापवली, मावशींनी सांगितलं तसं, आधी मंद, मग जास्त. अर्धी गल्ली वर्कशॉपच्या दारात उभी होती. मांडव पडल्यापासून अण्णांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. कितीतरी दिवसांनी त्यांच्यासमोर त्यांची भट्टी होती. झरोक्यातून आतला रंग बघून ते म्हणाले, “चेरीसारखा लाल. झालं!” आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी हातमोजे चढवले, दार उघडलं, आकडा घातला आणि ट्रे बाहेर ओढला.

एकोणीस वर्षांची सवय होती ती. लाल झालं की दार.

ट्रेवर सगळे कप निखाऱ्यासारखे चमकत होते आणि क्षणभर सगळ्यांच्या तोंडून ‘वा’ आलं. मग आवाज सुरू झाला. टिण्. थोड्या वेळाने दुसरा, टिण्. मग एकापाठोपाठ एक, जणू कुणी पितळी ताटावर ज्वारी सांडतंय. प्रत्येक आवाजाला एक कप चिरत होता. हत्तीची सोंड गळून पडली. एक पोरगी रडायला लागली. अण्णा आकडा हातात धरून तसेच उभे राहिले. मला वाटलं मावशी आता बोलतील. त्या खाली बसल्या आणि फक्त म्हणाल्या, “माती हाय ती, भास्करराव. तुमचा गिअर नाय.”

संध्याकाळी खापरं पोत्यात भरून गल्लीत आणली. मी मावशींना विचारलं, आता हे पुन्हा भिजवून माती होईल का? त्या म्हणाल्या, “कच्चं मोडलं आसतं तर झाली आसती. पाण्यात टाकलं का परत माती. भाजल्यावर मोडलं का खापर. त्ये काय परत मऊ हुत नाय.” मला एकदम नळाजवळची भिंत आठवली. छापायच्या आधी ते पत्रक घरात दोन तास कच्चं पडलं होतं. तेवढ्यात मावशींनी पोतं उलटं केलं, वरवंटा मागवला आणि खापरं फोडायला बसल्या. “ह्याचा भुगा करायचा अन् नव्या मातीत मळायचा. भाजलेला भुगा आसला का नवा कप लवकर तडकत नाय. आवं, फुटलेलं बी कामाला येतं, टाकायचं नाय.” मग हळूच, खापरावरची नजर न काढता, “पर गार कसं करायचं ते तुझ्या बापाला नाय येत. ज्याला येतं त्याला इचार.”

गल्लीत ते एकाच माणसाला येत होतं.

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी एक खापर घेऊन समोरच्या दारात उभी राहिले. ती वाट चार पावलांची आहे. आत सामान बांधून ठेवलेलं होतं, खोकी, गाद्यांची वळकटी. निकमकाका खुर्चीत बसून दोरीच्या गाठी सोडवत होते.

“कोण, किरंती? ये. दुसरं पत्रक काढलंस का?”

मी रस्ताभर, म्हणजे चार पावलं, एक वाक्य घोटत आले होते. ते काही आलं नाही. मी खापर पुढे केलं. “काका, भट्टी गार कशी करायची?”

त्यांनी खापर घेतलं, तुटलेली कड अंगठ्याने पाहिली. “लाल असताना काढलं?”

“हो.”

“तुझ्या बापाने?”

“हो.”

ते हसायला लागले. असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. “एकोणीस वर्षं शेजारी उभा राहिलो गं, पण त्या माणसाला दार बंद ठेवायला नाही शिकवू शकलो.” मग उठले आणि चपला शोधायला लागले. आतून वैशालीने सगळं ऐकलं असणार. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पेन होता. “नुसते भाजलेले कप चहा पितात,” ती भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली. “झिलई लागेल. शिसं नसलेली. कॉलेजात आम्ही करतो.” तिने नळावरून सोडवलेला, घड्यांवर मऊ पडलेला पिवळा कागद काढला, उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर झिलईत काय किती मिसळायचं ते लिहून माझ्या हातात दिलं. माफी नाही, टोमणा नाही. तो कागद आजही माझ्याकडे आहे. एका बाजूला तिच्या वडिलांचं नाव, जाड अक्षरात. दुसऱ्या बाजूला तिचं गोल अक्षर. खाली अधोरेखित एक ओळ: बूड कोरडं ठेवा, नाहीतर ट्रेला चिकटेल.

मावशींच्या दारात निकमकाका आले तेव्हा अण्णा चिखलात होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गल्लीतली दारं एकेक करून किलकिली झाली. निकमकाका तापमानाचं काही सांगणार एवढ्यात मावशींनी त्यांच्या हातात गोळा ठेवला. “आधी कप करा, मंग शानपण शिकवा.” त्यांनी केला. जाड, ओबडधोबड, लोखंड वितळवायच्या मुशीसारखा. अण्णा न राहवून म्हणाले, “निकम, ह्यात चहा मावेल का भिंतीच भिंती?” निकमकाका म्हणाले, “तू काढ ना पातळ. अन् ये मग टिण् टिण् ऐकायला.” सहीनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं ते एवढंच.

नव्या मातीत खापरांचा भुगा होता. यावेळी दोनदा भाजायचं होतं, आधी नुसते कप, मग झिलई लावून. दोन्ही वेळा किल्ली निकमकाकांच्या खिशात. दुसऱ्या भाजणीच्या दिवशी दुपारी त्यांनी भट्टी बंद केली आणि सांगितलं, “उद्या दुपारपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही. भास्कर, तू तर दहा फुटांवर.” दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तीनदा झरोक्याशी जाऊन आले. शेवटी निकमकाकांनी आकडाच उचलून मांडीवर घेतला. इस्माईलभाई म्हणाले, “भास्करभाई, बैठो ना यार. बच्चा होनेवाला है क्या?”

त्या वाट बघण्यात मी निकमकाकांशेजारी जाऊन बसले. मला एक गोष्ट हवी होती. त्यांनी सही का केली याचं कारण. काकूंचं आजारपण, वैशालीची फी, काहीतरी. कारण चांगलं असतं तर मला माफी मागणं सोपं झालं असतं. मी विचारलं. ते म्हणाले, “कारण नाही गं. मला भीती वाटली. सकाळी उठलो, भोंगा नाही, काम नाही, आणि मी घाबरलो. घाबरून सही केली. तुझा बाप घाबरत नाही, मी घाबरतो. एवढंच.” मी म्हणाले, “काका, मी ते लिहायला नको होतं.” ते म्हणाले, “सही नको होती करायला, हे तू म्हणालीस तर मी ऐकून घेईन. पण तू ते माझ्या दारात येऊन म्हणायला हवं होतंस. नळावर नाही.”

मी आजही म्हणते, सही करायला नको होती. शपथ म्हणजे शपथ. हे माझं मत कुणी बदललेलं नाही आणि मी पत्रकं लिहिणं सोडलेलंही नाही. पण तेव्हापासून मी माणसाचं नाव छापण्याआधी चार पावलं चालून जाते. बहुतेक वेळा तिथून परत आल्यावर पत्रक वेगळं होतं. कधी कधी आधीपेक्षा धारदार.

दुपारी निकमकाकांनी झरोक्याला हात लावून पाहिला, भट्टीच्या पत्र्याला गाल लावून पाहिला, आणि आकडा अण्णांना दिला. “उघड. दार तूच उघडायचं असतं.” अण्णांनी दार उघडलं. कप आत होते, कुठे निळसर, कुठे ताकासारखे पांढरे. सगळ्यांचे कान टवकारलेले. इस्माईलभाईंनी पंखासुद्धा बंद केला. आम्ही थांबलो. आवाज आला नाही. एकही नाही. मावशींनी एक कप उचलून नखाने टिचकी मारली, तो घंटेसारखा वाजला, आणि त्या म्हणाल्या, “चहा ठेवा.”

चहा मावशींच्या दारात झाला, सगळ्या गल्लीचा. आले सगळेच असं नाही. दोन घरांनी दारं लावून घेतली होती, आणि सही केलेल्या चौघांपैकी एकाने शेवटपर्यंत कप घेतला नाही. टोपलीवर फडकं टाकलं होतं, हात घालून निघेल तो घ्यायचा. आईच्या हाताला कुणाचा आला ते मला कळलं नाही, तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. त्या संध्याकाळी कोनाड्यातला दांडातुटका कप दिसला नाही. निकमकाकांच्या वाट्याला त्या पोराने पुन्हा केलेला हत्तीच्या सोंडेचा कप आला आणि सगळी पोरं किंचाळली. माझ्या हातात आली ती निकमकाकांची मूस. जाड, जड, ओबडधोबड. त्यात चहा थोडाच मावतो हे खरं आहे, पण तो लवकर गार होत नाही. हे लिहितानाही तो माझ्या टेबलावर आहे.

निकमकाका राहिले नाहीत. खोली दुसऱ्याला दिलेली होती, येवल्याला शब्द दिलेला होता. रविवारी टेम्पो आला. सामान चढवायला गल्ली अशी लोटली की ड्रायव्हर म्हणाला, एवढ्या माणसांत मीच राहीन मागे. सोंडेचा कप काकूंनी पदरात गुंडाळून मांडीवर घेतला. वैशालीने जाताना माझ्या ओढणीला ओला हात पुसला, मुद्दाम, पूर्वी पुसायची तसा. टेम्पो सुरू झाल्यावर अण्णा अचानक मागच्या फळकुटावर चढले आणि गाद्यांवर बसून येवल्यापर्यंत गेले. संध्याकाळच्या एसटीने परत आले, मांडीवर कांद्यांची पिशवी घेऊन. कंपनी पुढे कधी उघडली नाही. सही केलेले आणि न केलेले, सगळ्यांचं काम गेलं. त्या जागी आता गोदाम आहे. इस्माईलभाईंच्या भट्टीत मात्र दर काही दिवसांनी कप भाजले जात राहिले, आणि ज्यांच्या घरात काही झालं, जन्म, मरण, नोकरी गेली, नोकरी लागली, त्या दारात टोपली जायची. देश बंद झाला तेव्हाही ती गेली, फक्त उंबऱ्याबाहेर ठेवून आम्ही मागे सरत होतो.

आता तुमच्याकडे एक काम आहे. ज्याच्याशी तुम्ही बोलणं टाकलं आहे, तो माणूस डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बरोबर असाल, कदाचित पूर्णपणे बरोबर. तरी आज त्याच्या दारात जा. समजावायला जाऊ नका, माफीचं वाक्य घोटत जाऊ नका, ते ऐनवेळी येत नाही. त्याला येतं आणि तुम्हाला येत नाही असं काहीतरी त्याला विचारा. मग तो सांगेल तेवढा वेळ थांबा. आणि जायच्या आधी, तुमच्या कोनाड्यात एखादा वेगळा कप ठेवलेला असेल, तर तो खाली काढा.